संगणकाची मांडणी : लिहिलेली आणि घडलेली

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी घटाची मांडणी होते, हे आपल्या जिल्ह्यातील श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. शेतात गोलाकार अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, करंजी असे पदार्थ, शेजारी विड्याचे पान आणि सुपारी. रात्री त्या शेतात कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील मंडळी येऊन कोणते धान्य कोठे सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहतात आणि त्यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची ही परंपरा आहे असे सांगितले जाते.

भाकीत खरे किती आणि खोटे किती, हा वाद आम्ही येथे उकरून काढणार नाही. त्यासाठी दुसरे व्यासपीठ आहे. आमचे लक्ष वेधले ते दोन क्षणांकडे. संध्याकाळची मांडणी सर्वांसमक्ष झालेली असते. पहाटेची मांडणीही सर्वांसमक्ष पाहिली जाते. मधली रात्र मात्र कोणी पाहिलेली नसते. वारा आला, मुंगी फिरली, उंदीर येऊन गेला, काय काय झाले कोणास ठाऊक! हाती राहतो तो केवळ फरक, आणि त्या फरकाचे वाचन.

आपल्या शाळेतील किंवा कचेरीतील संगणक नेमका याच अवस्थेत असतो. किंबहुना त्याची अवस्था थोडी अधिक वाईट असते, कारण त्याची संध्याकाळची मांडणीसुद्धा कोणी लिहून ठेवलेली नसते.

झाले असे. जिल्ह्यातील एका शाळेच्या संगणक कक्षाचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. दहा संगणक, सगळे एकाच दिवशी घेतलेले, सगळ्यांवर लिनक्स ही एकच प्रणाली एकाच तबकडीवरून भरलेली. दोन वर्षांनी सहामाहीची प्रश्नपत्रिका छापावयास घेतली, तेव्हा आठ संगणकांवर ती सुरेख उमटली आणि दोहोंवर जोडाक्षरे फुटली. ‘प्रश्न’ या शब्दाचे तुकडे पडून पाय मोडलेली अक्षरे वेगळी उभी राहिली. फाईल तीच, टंक तोच, छापयंत्रही तेच. मग फरक कोठे? कक्ष सांभाळणारा मुलगा हुशार होता, त्याला सारे ठाऊक असणार. परंतु तो पुण्यास नोकरीला गेला, आणि त्याच्याबरोबर त्या दहा संगणकांची हकिगतही गेली. त्याला फोन केला तर तो बिचारा म्हणाला, “सर, कशाकशात काय काय टाकलं ते आता मलाही आठवत नाही.”

त्याचा काही दोष नाही. दोष पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत कशी चालते ते आधी समजून घेतले पाहिजे.

संगणकावरील कोणताही कार्यक्रम एकटा नसतो. मराठी मजकूर पडद्यावर दाखवावयाचा तर अक्षरे जुळवून जोडाक्षर करण्याचे काम एका वेगळ्या सामाईक संचाकडे असते. अशा संचास ‘लायब्ररी’ म्हणतात. हार्फबझ नावाचा असा एक संच आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन हे सगळे देवनागरीची जुळणी त्याच्याकडून करून घेतात. (नाव फारसी आहे; हर्फ म्हणजे अक्षर.) आता एका कार्यक्रमास या संचाची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्यास नवी हवी, तर काय होते? रूढ पद्धतीत सर्व सामाईक संच एकाच ठरलेल्या कोठीत, ठरलेल्या नावाने राहतात. नवा आला की जुना पुसला जातो. दुसरा कार्यक्रम बसवणाऱ्यास पहिल्याची वाट लागली याची कल्पनाही नसते. आमच्या त्या दोन संगणकांवर हेच झाले होते. कोणी तरी कशासाठी तरी एक चित्रांचे सॉफ्टवेअर बसवले होते आणि त्याने आपल्याबरोबर स्वतःचा जुळणी-संच आणला होता.

म्हणजे रूढ पद्धतीत संगणकाची आजची स्थिती ही त्याच्या सगळ्या इतिहासाची बेरीज असते. अमुक दिवशी हे टाकले, तमुक दिवशी ते काढले, मध्ये वीज गेली म्हणून एक अर्धवट राहिले. क्रम बदलला तर बेरीजही बदलते. हा इतिहास कोणी पूर्ण लिहून ठेवत नाही, म्हणून दोन संगणक सारखे आहेत असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

यावर वेगळा विचार केला तो नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठातील ईल्को डोल्स्ट्रा यांनी. २००३ साली त्यांनी ‘निक्स’ नावाचा पॅकेज-व्यवस्थापक तयार करण्यास आरंभ केला, आणि २००६ साली त्यावरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पुढे त्याच पायावर निक्स-ओएस ही संपूर्ण संगणकप्रणाली उभी राहिली. २०१२ साली लुडोविक कुर्तेस यांनी तोच विचार घेऊन गिक्स हा भाऊबंद निर्माण केला. डच भाषेत ‘निक्स’ म्हणजे ‘काही नाही’. हे नाव गमतीने ठेवलेले नाही, त्यात सगळे तत्त्व आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी आम्ही श्रोत्यांना पिठाच्या गिरणीवर नेतो.

गणितात ज्यास फलन म्हणतात त्याचा नियम असा की आत तेच घातले तर बाहेर तेच आले पाहिजे. पाचाचा वर्ग सकाळी पंचवीस आणि संध्याकाळी सव्वीस असे होत नाही. गिरणी हीही तशीच असावयास हवी. ज्वारी घातली की ज्वारीचे पीठ. परंतु घरातील बाई दळण टाकण्याआधी गिरणीवाल्यास काय विचारते? “आधी कशाचं दळलंय?” कारण जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू राहिलेला असतो. पिठात तो येतो, आणि डब्यावर कोणी लिहीत नाही की यात वाटीभर गहूही आहे. भाकरीला पीठ नेणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. परंतु एकादशीची भगर दळावयाची असेल तर ते चालत नाही. तेव्हा जाते झाडून पुसून स्वच्छ करावे लागते.

निक्स प्रत्येक दळण उपासाचे समजतो. कोणतेही पॅकेज बांधावयाचे झाले की तो एक रिकामी, बंद खोली तयार करतो. त्या खोलीत जे जे लागणार म्हणून आधी लिहून दिले असेल तेवढेच दिसते. न लिहिलेले काहीही दिसत नाही. संगणकावर इतर शेकडो गोष्टी असल्या तरी त्या खोलीपुरत्या त्या नाहीत. इंटरनेटही सामान्यतः बंद. यावरून नावाचा अर्थ उलगडेल: जे जाहीर केलेले नाही, ते काही नाही. लिहिण्यात चूक झाली, एखादा घटक राहून गेला, तर बांधणी तेथल्या तेथे अडते. लपूनछपून आलेल्या गव्हावर कोणाचे काम भागत नाही.

आता तयार झालेला माल ठेवावयाचा कोठे? निक्सचे एक कोठार असते. त्यात प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर मिळते, आणि त्या फोल्डरच्या नावाच्या आरंभी बत्तीस अक्षरांचा एक ठसा असतो. अंगठ्याच्या ठशासारखा हा ठसा गणिताने काढलेला असतो, आणि तो काढताना त्या पॅकेजच्या बांधणीत जे जे गेले ते सर्व, आणि त्या प्रत्येकाच्या बांधणीत जे गेले तेही, असे पार मुळापर्यंत धरलेले असते. कोठे एक अक्षर बदलले तरी ठसा निराळा, म्हणून फोल्डरही निराळे. हार्फबझची जुनी आवृत्ती एका फोल्डरात, नवी दुसऱ्यात. दोघी शेजारी सुखाने नांदतात आणि प्रत्येक कार्यक्रम आपापल्या आवृत्तीस पूर्ण पत्त्यानिशी ओळखतो. (या ठशात शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतील बावीस अक्षरे येतात. ई, ओ, टी आणि यू ही चार अक्षरे मुद्दाम गाळली आहेत. का, तर यदृच्छेने एखादा असभ्य शब्द तयार होऊ नये म्हणून! विद्वान माणसे कशाकशाचा विचार करतात ते पाहावे.)

येथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. परंतु एक बारीक प्रश्न शिल्लक राहतो, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे. दोन फोल्डर ‘सारखे’ आहेत असे केव्हा म्हणावयाचे?

पंचनामा करणाऱ्यास हा प्रश्न परिचित आहे. गारपिटीने शेताचे नुकसान झाले तर क्षेत्र किती, पीक कोणते, गेले किती, हे लिहावे लागते. बांधावर बैल कोणत्या रंगाचा उभा होता हे लिहावे लागत नाही. काय नोंदवावयाचे आणि काय सोडावयाचे हे आधी ठरले नाही तर दोन पंचनामे कधीच जुळणार नाहीत. संगणकातील फाईलीभोवतीही अशा पुष्कळ नोंदी असतात: मालक कोण, कोणत्या गटाचा, शेवटचा बदल कितव्या सेकंदास झाला, फोल्डरात कोणती फाईल आधी आली. डोल्स्ट्रा यांनी यातील बहुतेक सर्व गाळून टाकले. निक्सच्या लेखी जगात तीनच वस्तू आहेत. एक साधी फाईल. तिचा मजकूर, आणि ती चालवता येण्यासारखी आहे की नाही, एवढेच तिच्याविषयी जाणावयाचे. दुसरी फोल्डर, त्यातील नावे ठरलेल्या क्रमाने लावलेली आणि प्रत्येक नावाखाली पुन्हा या तिहींपैकीच एक वस्तू. तिसरी म्हणजे ‘अमुक ठिकाणी पाहा’ असे सांगणारी नुसती पाटी. संपले. या वर्णनात कितीही मोठे झाड मावते, आणि एका झाडाचे वर्णन एकाच रीतीने होते, दुसऱ्या रीतीने होऊच शकत नाही. म्हणून बुलढाण्यातील झाड आणि उट्रेख्टमधील झाड ठसा काढून ताडून पाहता येतात.

वेळेचे काय केले ते मोठे गमतीचे आहे. कोठारातील प्रत्येक फाईलवर बदलाची वेळ एकच घालतात: १ जानेवारी १९७०, मध्यरात्रीनंतर एक सेकंद. संगणकांचे हे घड्याळ त्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजते, म्हणून तेथील ‘एक’ हा आकडा. ती वेळ ग्रिनिचची. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेपाच वाजून एक सेकंद. आम्ही शाळेत प्रथम कोठार उघडले तेव्हा एका शिक्षकांनी घाबरून विचारले, “अहो, ही सगळी फाईल आपल्या शाळेच्या स्थापनेआधीची कशी?”

वर्णन लिहिले म्हणजे ते लगेच घडते असे नव्हे, आणि हेही या पद्धतीचे मोठे गुण आहे. बांधकाम खात्यात आधी अंदाजपत्रक होते, मग काम निघते. येथेही दोन टप्पे आहेत. संगणकावर काय काय हवे ते आपण निक्सच्या भाषेत लिहितो. पहिल्या टप्प्यात त्या लिखाणाचे केवळ मूल्य काढले जाते. त्यातून अंदाजपत्रकासारखे दस्त निघतात: हे पॅकेज, त्याला हे हे घटक, बांधावयाचे असे, आणि कोठारातील त्याचा पत्ता हा. एकही वीट अद्याप रचलेली नसते, परंतु पत्ता मात्र ठरलेला असतो! दुसऱ्या टप्प्यात तो पत्ता कोठारात आधीच आहे काय हे पाहतात. असेल तर काम संपले. नसेल तर प्रकल्पाच्या सार्वजनिक भांडारातून तयार माल स्वाक्षरी तपासून आणतात, आणि तेथेही नसेल तर बांधतात. हे मूल्य काढणेही आळशी असते, आणि आळशी हा शब्द संगणकशास्त्रात स्तुतीचा आहे. निक्सच्या संग्रहात लाखावर पॅकेजांची वर्णने आहेत. परंतु आपण त्यातील तीस मागितली तर त्या तिसांच्या वाटेवर येणारीच तेवढी वाचली जातात. बाकीची मिटलेल्या पुस्तकाप्रमाणे फडताळात राहतात.

या दोन टप्प्यांमुळे एक सोय होते. आजचे अंदाजपत्रक आणि उद्याचे अंदाजपत्रक काम सुरू होण्यापूर्वी शेजारी ठेवून पाहता येतात. ‘हे चित्रांचे सॉफ्टवेअर टाकले तर आणखी काय काय बदलेल?’ हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मिळते. भेंडवळच्या भाषेत बोलावयाचे तर संध्याकाळीच पहाटेची मांडणी कळते, कारण मधली रात्रच काढून टाकलेली असते.

नवी मांडणी सिद्ध झाली की जुनी मोडत नाहीत. ‘सध्याची मांडणी’ म्हणून एक पाटी असते, ती जुनीवरून नवीकडे एका झटक्यात फिरवतात. मध्येच वीज गेली (आणि आपल्याकडे ती जाते) तर पाटी एक तर जुनीकडे असते नाही तर नवीकडे. अर्धवट कोठेच नसते. नवीत काही बिघडले तर संगणक सुरू होताना जुन्या पिढ्यांची यादी दिसते, त्यातील एक निवडावी. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष भरणीमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यांतील असंख्य संगणकांपाशी माणसाने स्वतः जाऊन एक फाईल हाताने काढावी लागली. निक्स विंडोजची जागा घेतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु कालची मांडणी शाबूत ठेवूनच आजची करावी, या साध्या सावधगिरीची किंमत त्या दिवशी कळली.

आता दुसरी बाजू. जागा पुष्कळ लागते. जुन्या पिढ्या ठेवल्या की कोठार फुगते, आणि जी फोल्डरे कोणत्याच पिढीस लागत नाहीत ती शोधून झाडून काढण्याची स्वतंत्र आज्ञा अधूनमधून द्यावी लागते. ठसा मुळापर्यंत जातो याचाही जाच आहे. अगदी तळाच्या एखाद्या संचात एक ओळ बदलली की त्यावर उभ्या असलेल्या हजारो पॅकेजांचे पत्ते बदलतात आणि ती सगळी पुन्हा बांधावी किंवा आणावी लागतात, मग प्रत्यक्ष मालात काही फरक पडो वा न पडो. आपल्याकडील इंटरनेटवर ती रात्रभराची निश्चिती असते. भाषाही सोपी नाही. चूक झाली तर येणारा संदेश वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र निराळीच आहे, आणि ती शाळेत आम्ही दोनदा बजावून सांगितली. निक्स वर्णन करतो ते सॉफ्टवेअरचे आणि त्याच्या मांडणीचे. मुलांचे गुण, फीचा हिशेब, दाखले हे त्या कोठारात नसतात. मागच्या पिढीवर परत गेलो म्हणून पुसलेला गुणतक्ता परत येत नाही. उलट एखादे नोंदवही-सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत गेल्यावर आपली नोंदवही नव्या रीतीने लिहू लागले, तर मागे नेलेल्या जुन्या आवृत्तीस ती वाचताही येत नाही. ज्याची मांडणी लिहून पुन्हा घडवता येते ते एक, आणि जे एकदाच घडते आणि जपावेच लागते ते दुसरे. या दोहोंची सरमिसळ करणाऱ्यास निक्स वाचवू शकणार नाही.

त्या शाळेत आम्हांला तीन रविवार लागले. पहिला रविवार केवळ भांडण्यात गेला, कारण कोणत्या संगणकावर काय हवे हे सहा शिक्षकांनी पूर्वी कधी एकत्र बसून ठरवलेलेच नव्हते; वर्णन लिहावयाचे म्हटल्यावर ते ठरवणे भाग पडले. दोन पानांचे वर्णन तयार झाले. त्याची एक छापील प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटांशेजारी आहे. नंतर आलेल्या बाईंनी ते पान वाचून गणिताचे एक सॉफ्टवेअर स्वतः वाढवले, आणि आम्हांला फोनसुद्धा केला नाही. नऊ संगणकांचे ठसे जुळतात, आणि ‘प्रश्न’ नऊही ठिकाणी अखंड उमटतो. गुणतक्त्यांची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर निघते. दहावा संगणक मात्र अजून जुन्याच मांडणीवर चालतो. त्यावरचे हिशेबाचे सॉफ्टवेअर निक्सच्या संग्रहात नाही, आणि ते त्या बंद खोलीत बांधणे आम्हांला अद्याप साधलेले नाही.